बिडी सुटली, मग गोळीचा डोस निम्मा का झाला?

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे असून त्यांचे वजन ४६ किलो आहे. आम्ही निपाणी भागात राहतो. मामांनी तरुणपणापासून बिडी ओढली, रोज एक बंडल तरी संपायचेच. धाप लागते म्हणून कोल्हापूरच्या डॉक्टरांनी त्यांना थिओफायलिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी सकाळी एक आणि रात्री एक अशी दिली होती आणि तिचा गुणही येत होता. दिवाळीनंतर मामांनी बिडी पूर्ण सोडली. आम्हा सगळ्यांना आनंद झाला, पण दोन-तीन आठवड्यांत त्यांना मळमळ होऊ लागली, हात थरथरू लागले, रात्रीची झोप गेली आणि छातीत धडधड सुरू झाली. त्यातच लघवीला जळजळ होते म्हणून चिकोडीच्या एका डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन दिले. मग तर उलट्याच सुरू झाल्या. कोल्हापूरला नेल्यावर डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन बंद केले आणि धापेची गोळी दीडशेची करून डोस निम्म्यावर आणला. आता त्रास बराच कमी आहे. किडनीचे आणि लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. घरातली मोठी माणसे म्हणतात, 'इतकी वर्षे ओढली तेव्हा काही झाले नाही, सोडल्यावर झाले. दिवसाला दोन-चार बिड्या ओढू द्या.' संकेश्वरला माझे चुलत दीर आहेत, वय ४४, वजन ७२ किलो. त्यांनाही हीच गोळी ३०० ची दोन वेळा चालू आहे, ते बिडीही ओढतात आणि त्यांना काहीच होत नाही. मग मामांनाच निम्मा डोस का? त्याने धाप परत उठणार नाही ना? मामांना गोळी गिळवत नाही, म्हणून सासूबाई ती खलबत्त्यात कुटून गुळातून देतात. आम्ही काय करावे?
— एक सून, निपाणी परिसर

उत्तर : ताई, पत्रातले शेवटून दुसरे वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात, पण मी सुरुवात तिथूनच करतो, कारण ती गोष्ट आजच्या आज थांबवायला हवी. गोळी कुटून देऊ नका. थिओफायलिनच्या ज्या गोळ्या दिवसातून दोनदा घ्यायच्या असतात, त्या बहुधा हळूहळू विरघळतील अशा बेताने बनवलेल्या असतात आणि पाकिटावर नावापुढे 'एसआर' किंवा 'रिटार्ड' असे काहीतरी छापलेले असते. अशा गोळीतले औषध आतड्यात दहा-बारा तास थोडे थोडे सुटत राहावे, अशी तिची रचना असते. ती कुटली की रचना मोडते आणि बारा तासांचे औषध तास-दोन तासांत रक्तात उतरते. म्हणजे गोळी घेतल्यावर काही वेळ रक्तातील पातळी नको इतकी वर जाते आणि पुढची गोळी येईपर्यंत ती नको इतकी खाली येते. सासूबाईंनी हे मायेपोटीच केले आहे, त्यांना बोल लावण्याचे काहीच कारण नाही. गोळी कुटायची नाही हे दुकानातही कोणी सांगत नाही. गोळी गिळवत नाही ही गोष्ट मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला, म्हणजे गिळता येईल असे दुसरे रूप किंवा दुसरे औषध ते सुचवू शकतील.

आता तुमचा मूळ प्रश्न. मामांना झालेला त्रास बिडी सोडल्यामुळे प्रकृती बिघडली म्हणून झालेला नाही. बिडी सोडल्यावर त्यांच्या शरीराचा औषध बाहेर टाकण्याचा वेग बदलला आणि जुना डोस तसाच राहिला, म्हणून तो झाला. डॉक्टरांनी डोस उतरवला ते योग्यच केले. बिडी पुन्हा सुरू करणे हा यावरचा उपाय नव्हे, आणि दोन-चार बिड्या हाही नव्हे. असे का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण घरातल्या मोठ्या माणसांना पटवण्याचे काम शेवटी तुमच्यावरच पडणार आहे.

पोटात घेतलेले औषध आतड्यातून रक्तात शोषले जाते, आधी यकृतातून जाते, मग रक्ताबरोबर सगळ्या शरीरात पसरते आणि पसरत असतानाच शरीर ते बाहेर टाकण्याच्या मागे लागते. काही औषधे मूत्रपिंडांवाटे आहेत तशीच लघवीत जातात. काहींना आधी यकृतातल्या एन्झाइमांनी तोडावे लागते आणि मग त्यांचे तुकडे लघवीतून जातात. थिओफायलिन दुसऱ्या प्रकारात मोडते. प्रौढ माणसात त्याचा सुमारे नऊ दशांश भाग यकृतच तोडते आणि जेमतेम दहावा हिस्सा जसाच्या तसा लघवीत जातो. हे तोडण्याचे काम मुख्यतः एक ठरावीक एन्झाइम करते, त्याला सीवायपी१ए२ म्हणतात. नाव लक्षात ठेवण्याची गरज नाही. बिडीच्या धुराशी त्याचे नाते काय आहे, एवढे लक्षात ठेवा.

तंबाखू जळताना धुरात जी काजळीयुक्त रसायने तयार होतात, ती यकृताला हे एन्झाइम जास्त प्रमाणात बनवायला लावतात. म्हणून बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचे यकृत थिओफायलिन झपाट्याने तोडते. न ओढणाऱ्या प्रौढ माणसाच्या रक्तातील थिओफायलिन निम्मे व्हायला साधारण आठ तास लागतात. ओढणाऱ्याच्या रक्तात तेच चार-पाच तासांत निम्मे होते. मामांना ३०० च्या दोन गोळ्या मानवत होत्या, त्या या वाढलेल्या वेगाच्या जोरावर. बिडी सुटल्यावर यकृताला तो रेटा राहत नाही, जादा एन्झाइम बनणे थांबते आणि आठवडाभरातच औषध बाहेर जाण्याचा वेग सुमारे एक तृतीयांशाने उतरतो. हौदात मोटारीचे पाणी तेवढेच पडत राहावे आणि मोरी मात्र अर्धवट बुजावी, तसे हे झाले: पाण्याची पातळी चढणारच. म्हणूनच धूम्रपान सोडणाऱ्या रुग्णाचा थिओफायलिनचा डोस पहिल्या आठवड्याच्या सुमारास पाव ते एक तृतीयांशाने कमी करावा आणि पुढे लक्षणे व रक्ततपासणी पाहून ठरवावे, अशी पद्धत आहे. मामांनी बिडी सोडल्याचे कोल्हापूरच्या डॉक्टरांना त्या वेळी कळले असते तर त्यांनी बहुधा हेच केले असते. ते कळवायचे असते हे तुम्हाला कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे यात तुमची चूक नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. एन्झाइम वाढवते ते धुरातले रसायन, निकोटीन नव्हे. त्यामुळे बिडी सोडून कोणी चुना-तंबाखू धरली, मिश्री लावली किंवा निकोटीनचा च्युइंगम चघळला, तरी यकृताच्या दृष्टीने त्याने धूर सोडलेलाच असतो आणि औषधाची पातळी चढतेच. आपल्या भागात बिडी सुटली की तंबाखूची चिमूट तोंडात जाते, हे मी पुष्कळ पाहिले आहे. तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्यात आहेच. पण 'तंबाखू चालू आहे, म्हणजे जुना डोस चालेल' हा हिशेबही चुकीचा आहे.

त्यात सिप्रोफ्लॉक्सासिनची भर पडली. हे प्रतिजैविक याच एन्झाइमला काम करू देत नाही, त्यामुळे थिओफायलिन बाहेर पडण्याचा वेग आणखी सरासरी तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. काही रुग्णांत याहूनही जास्त. लघवीच्या संसर्गासाठी ते औषध पुष्कळदा दिले जाते आणि चिकोडीच्या डॉक्टरांपुढे कोल्हापूरचा कागद नसेल, तर त्यांना हा मेळ कळण्याचा मार्गच नव्हता. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि आम्लपित्तासाठी पूर्वी सर्रास दिले जाणारे सिमेटिडिन ही औषधेही थिओफायलिनची पातळी चढवतात. उलट क्षयावरचे रिफाम्पिसिन आणि फिटवरची फेनिटोइन, कार्बामाझेपिन ही औषधे ती उतरवतात. फ्लूसारख्या तापातही यकृताचे हे काम काही दिवस मंदावते, हे फार थोड्यांना माहीत असते.

आता थोडा आकड्यांचा हिशेब मांडतो, म्हणजे चुलत दिरांचे कोडेही त्यातच सुटेल. धूर न घेणाऱ्या प्रौढाचे शरीर दर किलो वजनामागे तासाला सरासरी ०.०४ लिटर रक्त थिओफायलिनपासून मोकळे करते. धूर घेणाऱ्याचे सुमारे ०.०६ लिटर. दिवसाला ६०० मिलिग्रॅम म्हणजे तासाला २५ मिलिग्रॅम औषध आत येते. मामांचे वजन ४६ किलो. बिडी चालू असताना त्यांचे शरीर तासाला सुमारे २.७६ लिटर रक्त मोकळे करत होते, म्हणजे रक्तातील पातळी दर लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास होती. बिडी सुटल्यावर हा वेग १.८४ लिटरवर आला आणि त्याच गोळ्यांनी पातळी साडेतेरावर गेली. सिप्रोफ्लॉक्सासिनने तो वेग आणखी तीस टक्के कमी केला असे धरले, तर पातळी १९ च्या पुढे जाते. या औषधाची पातळी पूर्वी १० ते २० मध्ये ठेवत असत. आता ५ ते १५ पुरेशी मानतात, आणि २० च्या वर विषबाधेचा धोका झपाट्याने वाढतो. शिवाय उतारवयात यकृताचा वेग सरासरीपेक्षा कमी असतो, त्यामुळे मामांची खरी पातळी माझ्या या हिशेबाहून वरच असण्याचा संभव अधिक. गोळी कुटून दिल्यामुळे येणारे चढ-उतार मी यात धरलेलेच नाहीत.

चुलत दिरांचे वजन ७२ किलो, त्यात बिडी चालू. त्यांचे शरीर तासाला ४.३ लिटर रक्त मोकळे करते आणि त्याच ६०० मिलिग्रॅमने त्यांची पातळी जेमतेम ५.८ भरते. गोळी एक, दुकान एक, आडनावही एक, तरी एकाच्या रक्तात सहाच्या आत आणि दुसऱ्याच्या रक्तात वीसच्या घरात. मामांचा नवा डोस दिवसाला ३०० मिलिग्रॅम आहे; त्याने याच हिशेबाप्रमाणे पातळी ७ च्या आसपास राहील आणि उतारवय धरले तर थोडी अधिकच. म्हणजे बिडी ओढत असताना ६०० मिलिग्रॅमने जो गुण येत होता, त्याच्या जवळपासचा गुण आता ३०० मध्ये येणे शक्य आहे. डोस निम्मा झाला म्हणून गुण निम्मा होईल, ही भीती त्यामुळे बाजूला ठेवा. हे सगळे आकडे सरासरीवरून काढलेले अंदाज आहेत, एवढे मात्र ध्यानात असू द्या. माणसामाणसात फरक इतका असतो की खरे उत्तर रक्तातील थिओफायलिनच्या तपासणीनेच मिळते. ही तपासणी प्रत्येक लॅबमध्ये होत नाही, नमुना मोठ्या लॅबकडे पाठवावा लागतो. पण डॉक्टरांनी सांगितली तर खर्चाला मागेपुढे पाहू नका. नमुना देताना शेवटची गोळी किती वाजता घेतली होती ते कागदावर लिहून द्या, कारण त्या वेळेशिवाय आलेल्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिर व्हायला मामांच्या बाबतीत दोन-तीन दिवस लागतात, त्याआधी केलेली तपासणी दिशाभूल करते.

रिपोर्ट नॉर्मल असताना डोस का उतरवला, ही तुमच्या मनातली शंका रास्त आहे. लिव्हरच्या नेहमीच्या तपासणीत एसजीपीटी, बिलिरुबिन वगैरे जे आकडे येतात, ते यकृताला इजा झाली आहे का, हे दाखवतात. यकृतातले एखादे एन्झाइम औषध किती वेगाने तोडते आहे, हे त्यांवरून कळत नाही. बिडी ओढत असताना आणि सोडल्यावर मामांचा हा रिपोर्ट सारखाच येईल, पण एन्झाइमांचा वेग मात्र वेगळा असेल.

किडनीच्या रिपोर्टबद्दल थोडे वेगळे सांगायचे आहे. थिओफायलिनसाठी त्याचे महत्त्व कमी. पण मामांना पुढे जी औषधे लागतील, त्यांतली बरीच मूत्रपिंडांवाटे जाणारी असतील आणि तिथे 'नॉर्मल' हा शब्द फसवतो. या रिपोर्टमध्ये पाहतात तो आकडा क्रिएटिनिनचा; हे स्नायूंतून तयार होते आणि मूत्रपिंडे ते रक्तातून बाहेर टाकतात. वृद्ध, कृश माणसाचे स्नायू झडलेले असतात, त्यामुळे त्याच्या रक्तात क्रिएटिनिन मुळातच कमी बनते आणि मूत्रपिंडे मंदावली तरी आकडा नेहमीच्या मर्यादेत दिसतो. म्हणून डॉक्टर १९७६ साली मांडले गेलेले कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे सूत्र वापरतात: १४० मधून वय वजा करायचे, उरलेल्याला वजनाने गुणायचे आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे, स्त्री असेल तर उत्तराचे ८५ टक्के धरायचे. समजा मामांचे क्रिएटिनिन १.१ आहे. या सूत्राने त्यांची मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे ४० मिलिलिटर रक्त गाळतात. चुलत दिरांचे क्रिएटिनिनही १.१ आले, तर त्यांचे उत्तर ८७ येते. दोघांच्या रिपोर्टवर आकडा तोच आणि शेरा 'नॉर्मल'च. पण लघवीवाटे जाणाऱ्या औषधाचा डोस ठरवताना दोघांत दुपटीहून अधिक तफावत. हृदयासाठीचे डिगॉक्सिन, मधुमेहातले मेटफॉर्मिन आणि बरीच प्रतिजैविके यांच्या बाबतीत हा हिशेब करूनच डोस लिहिला जातो. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांनी याच मूत्रपिंडांवर ताण पडतो, म्हणून त्या मामांना विचारल्याशिवाय देऊ नका.

एका घरातली, एका रक्ताची माणसे म्हणजे औषधही सारखेच लागू पडायचे, असे आपल्याकडे धरून चालतात. तसे नसते. क्षयाच्या उपचारातले आयसोनियाझिड घ्या: काहींचे यकृत ते भराभर निष्क्रिय करते, काहींचे संथपणे, आणि हा फरक जन्मजात असतो. सख्ख्या भावांतही एक जलद आणि दुसरा संथ असू शकतो. संथ असलेल्यांत औषध जास्त वेळ राहते आणि हातापायांना मुंग्या येण्याचा, जळजळ होण्याचा त्रास अधिक होतो. म्हणूनच क्षयाच्या गोळ्यांबरोबर ब-६ जीवनसत्त्व दिले जाते. बिडी, वय, वजन, सोबतची औषधे हे वरून आलेले फरक झाले. हा मुळातला फरक त्यांत मिसळतो. चुलत दिरांच्या गोळीशी मामांच्या गोळीची तुलना करण्यात म्हणूनच अर्थ नाही, आणि शिल्लक गोळ्या एकमेकांना देण्यात तर धोकाच आहे.

आता दोन-चार बिड्यांबद्दल. घरातल्या मोठ्या माणसांनी पाहिले ते खोटे नाही: बिडी सोडल्यानंतरच त्रास सुरू झाला. पण त्याचा अर्थ बिडी गुणकारी होती असा होत नाही. दोन-चार बिड्यांनी एन्झाइम किती वाढेल हे कोणालाच सांगता येणार नाही; एखाद्या आठवड्यात बिड्या वाढतील, एखाद्या आठवड्यात कमी होतील आणि तशी रक्तातील पातळी खाली-वर होत राहील. आज निम्म्या डोसावर मामा बरे आहेत. उद्या बिडी सुरू झाली तर हाच डोस अपुरा पडून धाप उठेल, मग कोणीतरी डोस वाढवील, आणि बिडी पुन्हा सुटली की उलट्या आणि धडधड परत हजर. शिवाय ज्या फुप्फुसांसाठी ही गोळी चालू आहे, त्यांची झीज ज्या धुराने झाली तोच धूर पुन्हा आत घ्यायचा. या आजारात फुप्फुसांची घसरण मंदावणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे धूर बंद होणे, आणि मामांनी या वयात ते करून दाखवले आहे. जिथे शेतात तंबाखू उभी असते आणि घरोघरी बायका बिड्या वळतात, त्या भागात राहून बिडी सोडणे किती कठीण असते, हे मला ठाऊक आहे. त्यांचे हे यश मातीत जाऊ देऊ नका.

बिडी सोडल्यावर पहिले काही आठवडे चिडचिड, बेचैनी, झोपमोड आणि तलफ येते, ती निकोटीन तुटल्यामुळे. त्यामुळे औषधाची पातळी चढल्याची लक्षणे कित्येकदा 'बिडी सोडल्याचा त्रास' म्हणून अंगावर काढली जातात. फरक ओळखण्याची एक खूण अशी की निकोटीन बंद झाल्यावर नाडी मंदावते, ती वाढत नाही. म्हणून बिडी सोडलेल्या माणसाच्या छातीत धडधड होत असेल, त्याला मळमळत असेल, हात थरथरत असतील आणि तो थिओफायलिन घेत असेल, तर संशय औषधावर घ्यायचा. चहाचाही यात हात असू शकतो. चहा-कॉफीतले कॅफिन थिओफायलिनच्या अगदी जवळचे रसायन आहे. थिओफायलिनचा शोधच मुळी १८८८ मध्ये आल्ब्रेख्त कोसेल यांना चहाच्या पानांत लागला. तेच एन्झाइम कॅफिनही तोडते, त्यामुळे बिडी सुटल्यावर नेहमीचे चार-पाच कप चहा जास्त चढतात. मामांना दिवेलागणीनंतर चहा देऊ नका आणि दिवसाचेही एक-दोन कप कमी करा.

धोक्याची लक्षणे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. वारंवार उलट्या, नाडी खूप जलद किंवा अनियमित होणे, भ्रमिष्टासारखे बोलणे, झटका येणे, यांतले काहीही दिसले तर पुढची गोळी न देता १०८ ला फोन करा आणि गोळ्यांचे पाकीट बरोबर घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. या औषधाने येणारा झटका आधी मळमळ-थरथर न होताही येऊ शकतो, म्हणून 'अजून उलटी झालेली नाही, थांबू या' असे करू नका. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नयेत.

तुमच्यासारख्या सीमाभागातल्या घरांची एक खास अडचण मला या पत्रात दिसते. छातीसाठी कोल्हापूर, तापा-खोकल्याला चिकोडी, मोठ्या तपासणीला कधी बेळगाव तर कधी मिरज. प्रत्येक ठिकाणचा केसपेपर वेगळ्या पिशवीत, सरकारी दवाखान्यातली एखादी चिठ्ठी कानडीत, आणि कोणत्याही डॉक्टरांसमोर सगळे कागद एका वेळी येत नाहीत. मामांसाठी एकच जाड कागद करा. त्यावर प्रत्येक औषधाचे मूळ नाव लिहा, कारण कंपनीचे नाव दुकानागणिक बदलते. किती मिलिग्रॅम, किती वाजता, कोणत्या तारखेपासून, हेही लिहा. खाली वजन आणि 'बिडी अमुक तारखेपासून बंद' ही ओळ असू द्या. हा कागद मराठीत लिहिलात तरी औषधांची नावे पाकिटावर छापली आहेत तशीच उतरवून घ्या, म्हणजे मराठी न वाचणाऱ्या डॉक्टरांनाही ती कळतील. आणखी एक काळजी घ्या: धापेच्या कित्येक गोळ्यांत थिओफायलिन आणि एटोफायलिन एकत्र असतात. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या दिल्या आणि दोन्हींत थिओफायलिनच निघाले, असे होऊ शकते. नवी गोळी आणताना घटकांची ओळ दुकानदाराकडून वाचून घ्या.

पुढच्या भेटीत कोल्हापूरच्या डॉक्टरांना हेही विचारा, की मामांना गोळीऐवजी पंप देता येईल का. बिडीमुळे येणाऱ्या या आजारात, म्हणजे सीओपीडीमध्ये, आज श्वासातून घ्यायच्या औषधांना पहिली पसंती आहे. थिओफायलिन ती न मिळाल्यास किंवा न परवडल्यास वापरायचे औषध मानले जाते. आपल्याकडे 'पंपाची सवय लागते' म्हणून लोक तो टाळतात, पण डोसाचा विचार केला तर उलटेच चित्र दिसते. धापेवरच्या साल्ब्युटामॉल या औषधाची नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची असते आणि पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम असते, म्हणजे गोळीच्या चाळिसावा हिस्सा. गोळी यकृतातून आणि सगळ्या शरीरातून फिरून फुप्फुसांपर्यंत पोहोचते. पंपाचे औषध थेट तिथे जाते, म्हणून इतके थोडे पुरते आणि हात थरथरण्याचा त्रासही कमी होतो. मामांचे हात कापत असतील किंवा दाबणे आणि श्वास घेणे एकत्र जमत नसेल, तर पंपाला जोडायची स्पेसरची नळी मागून घ्या आणि ती कशी वापरायची हे दवाखान्यातच करून दाखवायला सांगा. पंप सुरू झाला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ती कधी आणि कशी उतरवायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

चुलत दिरांनाही हे पत्र वाचायला द्या. त्यांना आज काही त्रास नाही, याचे एक कारण त्यांची चालू असलेली बिडी आहे. मामांचे पाहून त्यांनी ती सोडायचे ठरवले, तर फार चांगले होईल. मात्र ज्या दिवशी सोडतील त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या डॉक्टरांना ते सांगून डोस तपासून घ्यावा.